पान उघडेपर्यंत झालेला लिलाव

तेल्हाऱ्यात कुणी मोबाइलवर कापसाचे भाव पाहायला बातमीचे पान उघडले, की बातमीच्या मधोमध बियाण्याची किंवा ट्रॅक्टरच्या कर्जाची जाहिरात दिसते. ती जागा तेवढ्यात विकली गेलेली असते. बाजार समितीतल्या तुरीच्या हर्राशीसारखाच हा लिलाव, फक्त बोली यंत्रे लावतात आणि सौदा साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात पटतो. विकली जाते ती नुसती जागा नव्हे. वाचणारा कोणत्या गावचा, याआधी काय शोधत होता, यावर भाव ठरतो.

सुरुवात साधी होती. ऑक्टोबर १९९४ मध्ये अमेरिकेत ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची जाहिरात-पट्टी झळकली. तेव्हा वर्तमानपत्रासारखी जागा ठरावीक काळासाठी विकत. २००३ मध्ये गूगलने ‘ॲडसेन्स’ आणले आणि लहानसहान संकेतस्थळालाही जाहिराती मिळू लागल्या. पुढे ‘डबलक्लिक’ ही जाहिराती पुरवणारी कंपनीही गूगलने २००८ मध्ये घेतली. ॲडसेन्समध्ये हिंदीला २०१४ मध्ये जागा मिळाली, मराठीला २०१८ पर्यंत थांबावे लागले.

संकेतस्थळाला पैसे मिळतात जाहिरात हजार वेळा दिसण्यामागे किंवा क्लिकमागे. गावाकडच्या वाचकाला बोली कमी लागते. म्हणून तालुक्याच्या बातम्या देणाऱ्याची मिळकत तुटपुंजीच, हे माझे स्पष्ट मत. त्यात घेणाऱ्याचा व विकणाऱ्याचा अडत्या आणि बाजाराचा मालक बहुतांशी एकच, गूगल. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने या धंद्यातली गूगलची मक्तेदारी बेकायदा ठरवली.