पाटी बदलली, पत्ता तोच

भाग्यश्री नावाच्या कुणी नवा विंडोज लॅपटॉप सुरू करताना स्वतःच्या नावाने सुरू होणारा ईमेल दिला, तर सी ड्राइव्हमधल्या यूजर्स फोल्डरात त्यांचा फोल्डर तयार होतो 'भाग्य' नावाने. मायक्रोसॉफ्ट खातं देऊन लॅपटॉप सुरू केला की विंडोज ईमेलमधली पहिली पाच रोमन अक्षरं घेतं आणि तिथेच थांबतं. कुलकर्णी, देशपांडे सगळे असेच मध्येच तुटतात. पाटील तेवढे पूर्ण बसतात, कारण रोमनमध्ये ते नेमके पाच अक्षरांचे आहेत! हे अर्धवट नाव डोळ्यांत खुपतं आणि ते बदलायच्या नादात बरेच जण नसतं दुखणं ओढवून घेतात.

गैरसमज : सेटिंग्जमध्ये खात्याचं नाव बदललं की फोल्डरचंही बदलतं.

बदलत नाही. तिथे बदलते ती दारावरची पाटी. विंडोज तुम्हाला नावाने ओळखतच नाही. प्रत्येक खात्याला 'एस-१-५-२१' असा सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक मिळतो आणि फायलींवरचे हक्क या क्रमांकाच्या नावे असतात. कोणत्या क्रमांकाचा माणूस कोणत्या फोल्डरात राहतो, याची नोंद रजिस्ट्रीतल्या 'प्रोफाइललिस्ट' या विभागात असते. पहिल्यांदा लॉग इन करताना ती होते आणि पुढे पाटी कितीदाही रंगवा, त्या नोंदीला धक्का लागत नाही. पडताळून बघायचं असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडा. कर्सरच्या आधी जुनंच नाव दिसेल.

गैरसमज : मग फोल्डरवर राइट क्लिक करून रिनेम करावं.

स्वतःच्या खात्यात असताना ते जमत नाही, कारण फोल्डर वापरात असतो. काही धीट मंडळी दुसऱ्या अ‍ॅडमिन खात्यातून शिरून नाव बदलतात. ते बदलतंही. पण रजिस्ट्रीतली नोंद जुनीच राहते. पुढच्या लॉग इनला विंडोज जुना पत्ता शोधत जातं, तिथे घरच नसतं, आणि समोर येतो कोराकरकरीत डेस्कटॉप. फोटो नाहीत, फायली नाहीत.

इथेच सगळ्यात महागडा गैरसमज होतो : डेटा उडाला. उडालेला नसतो, नाव बदललेल्या फोल्डरात तो जसाच्या तसा असतो. फोल्डरला जुनं नाव परत दिलं की बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. धोका वेगळाच आहे. अशा वेळी विंडोजने तात्पुरता प्रोफाइल दिला असेल, तर त्यात केलेलं काम साइन आउट करताच पुसलं जातं. म्हणून कोरा डेस्कटॉप दिसला तर त्यावर एक ओळही टाइप करू नका.

गैरसमज : रजिस्ट्रीतली नोंदही बदलली की काम फत्ते.

अर्धंच. लॉग इन होईल. पण एवढ्या दिवसांत अनेक प्रोग्रामनी तुमचा जुना पत्ता आपापल्या वहीत पूर्ण लिहून ठेवलेला असतो : शॉर्टकट, आउटलुकची मेल-फाइल, वनड्राइव्ह, पायथनची व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. यातलं काय कधी रुसेल ते सांगता येत नाही. जुन्या नावाचा दुवा करून नव्या फोल्डरकडे वळवण्याची युक्ती आहे, पण ती ठिगळ आहे. हाताने केलेली उठाठेव तुमच्या जबाबदारीवर.

गैरसमज : मग फॉरमॅट हाच उपाय.

मुळीच नाही. हव्या त्या नावाचं नवं स्थानिक खातं काढा, त्याला अ‍ॅडमिनचे हक्क द्या आणि एकदा त्यात लॉग इन करा, म्हणजे त्या नावाचा फोल्डर तयार होईल. जुन्यातले डॉक्युमेंट्स, फोटो, डाउनलोड्स तिकडे कॉपी करा. 'एनटीयूजर'ने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायलींना मात्र हात लावू नका; त्या जुन्या खात्याच्या आहेत. मग जुन्या खात्यातून ईमेल सोडवा आणि नव्याला जोडा. फोल्डरचं नाव आता बदलणार नाही. जुनं खातं लगेच उडवू नका, महिनाभर राहू द्या.

मॅकवाले आणि लिनक्सवाले इथे हसतील. मॅकवर दुसऱ्या अ‍ॅडमिन खात्यातून फोल्डर आणि खातं दोन्हींची नावं बदलायची रीत अ‍ॅपलनेच सांगितली आहे. लिनक्समध्ये 'यूजरमॉड' आज्ञा आहे. पण नुसतं नाव बदलायचा पर्याय दिला तर तिथेही घर जुन्याच नावाने राहतं. ते हलवायला वेगळं सांगावं लागतं.

बदलायचंच कशाला, हाही प्रश्न विचारावा. नुसतं दिसायला वाईट म्हणून असेल, तर माझं मत : सोडून द्या. खरं कारण एकच, नावात मोकळी जागा किंवा देवनागरी असणं. विंडोजला देवनागरी चालते, पण काही जुने प्रोग्राम आणि प्रोग्रामरांची साधनं अशा पत्त्यावर अडखळतात.

नवा लॅपटॉप घेणार असाल तर पहिल्याच दिवशी सी ड्राइव्हमधला यूजर्स फोल्डर उघडून बघा. नाव खटकलं तर तेव्हाच नवं खातं काढा. त्या दिवशी हलवायला काही नसतं.