कोळंबीची टरफलं कांद्याच्या वाफ्यात?

राळेगणसिद्धीत एका कांदा उत्पादकाने विचारलं, "मासळीचं खत आपल्या रानात चालेल का हो?" चालेल!

मासळीच्या खतात ४ ते १० टक्के नत्र आणि ३ ते ९ टक्के स्फुरद असतं. पालाश मात्र अगदी कमी. म्हणून जोडीला राख किंवा शेणखत हवंच.

मला जास्त आवडतात ती कोळंबी-खेकड्याची टरफलं. त्यांत कायटिन असतं. ते खाणारे जिवाणू मातीत वाढतात, आणि बुरशीच्या पेशीभिंतीत, सूत्रकृमींच्या अंड्यांच्या कवचातही कायटिनच असल्याने या जिवाणूंचा त्यांनाही उपद्रव होतो. परिणाम सावकाश दिसतो, घाई नको.

टरफलांत चुनाही असतो. जमीन आधीच चुनखडीची असेल तर हात आखडता ठेवा. खारवलेला माल धुऊनच वापरा, नाहीतर मीठ रानात जाईल.

मासळीचं पातळ खत घरी करायचं तर मासळीचे टाकाऊ तुकडे आणि तेवढाच गूळ बरणीत घालून, कापड बांधून महिनाभर सावलीत ठेवा. गाळून लिटरभर पाण्यात दोन मिली, आधी चार-दोन ओळींवरच फवारा.

१९७५ नंतर पाणलोटाच्या कामातून राळेगणसिद्धीने पाणी जिरवलं. आता त्याच मातीतल्या जिवाणूंनाही खाऊ घालूया.

शंका असतील तर जमिनीचा प्रकार आणि पीक लिहून खाली विचारा.