हंगाम सरताना ट्राउट काय खातो?

इंग्लंडच्या दक्षिणेला, हॅम्पशर परगण्यात, टेस्ट आणि इचेन या दोन नद्या वाहतात. खडूच्या टेकड्यांत मुरलेलं पावसाचं पाणी झऱ्यांतून बाहेर पडतं आणि त्यांच्या पात्रात उतरतं. जमिनीच्या पोटातून येत असल्यामुळे हे पाणी झऱ्याच्या मुखाशी बारा महिने १० ते ११ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. खडकातून गाळून आल्यामुळे ते नितळ असतं, आणि चुन्याचा अंश भरपूर असल्यामुळे त्यात पाणवनस्पती, गोगलगायी, कोळंबीचे चिमुकले भाईबंद आणि कीटक यांची दाटी असते. या नद्यांतला तपकिरी ट्राउट मासा पकडण्याचा हंगाम बहुतेक ठिकाणी सप्टेंबर सरता सरता संपतो. जाणकार गळकरी ज्या दिवसांची वाट पाहतात, त्यांत हे शेवटचे तीन-चार आठवडे अगदी वरचे. पाणी, कीटक, वारा आणि माशाचं स्वतःचं शरीर या चारही गोष्टी तेव्हा एकदमच बदलत असतात.

आधी पाणी. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, तर १० अंशांच्या पाण्यात ११ मिलिग्रॅमहून अधिक. उन्हाळ्यात ट्राउट दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडतो. ऊब वाढली की त्याच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते, आणि नेमका तेव्हाच पाण्यातला साठा आटतो. झऱ्यांपासून दूरच्या नद्यांत आणि तलावांत हा जाच फार असतो. सप्टेंबरमध्ये रात्री गारठू लागल्या की कोंडी फुटते आणि ट्राउट दिवसाउजेडी मोकळेपणाने चरू लागतो.

त्याला फशी पाडायचं ते फ्लायने. फ्लाय म्हणजे पीस, केस आणि दोरा गुंडाळून कीटकासारखा सजवलेला बारीकसा गळ. त्याला वजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे तो नुसता भिरकावला तर हातभरही जात नाही. म्हणून इथे फेकायची असते ती दोरी. ती जाड, वजनदार आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली असते. रॉड मागे नेला, दोरी पाठीमागे पुरती उलगडेपर्यंत क्षणभर थांबलं आणि मग पुढे झटका दिला, की आसुडासारखं तिचं वेटोळं हवेत पुढे धावतं. सगळ्यात शेवटी तिच्या टोकाचा पारदर्शक धागा उलगडतो आणि फ्लाय पाण्यावर अलगद उतरतो. वेळ साधली तर पाण्यावर साधा तरंगही उठत नाही.

पाण्याखालून ट्राउटला यातलं काय दिसतं? प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो. त्यामुळे क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं सगळं आकाश माशाला डोक्यावरच्या एका गोल खिडकीत आक्रसून दिसतं. या खिडकीचा कोन सुमारे ९७ अंशांचा. तिच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे खालून आरसा, त्यात नदीचा तळच उलटा दिसतो. मासा एक फूट खोल असेल तर ती खिडकी जेमतेम सव्वादोन फूट रुंद भरते. वाहत येणारा कीटक आधी त्या आरशावर पायांच्या खळ्यांच्या रूपात उमटतो आणि खिडकीच्या कडेशी आल्यावरच पुरता दिसतो. काठावर ओणवं होऊन सरकणारा माणूस मात्र खिडकीच्या काठाशी इतका चेपला जातो की माशाच्या लक्षातही येत नाही.

आता कीटक. या नद्यांचा मुख्य घास म्हणजे मेफ्लायच्या कुळातले कीटक. त्यांचं बहुतेक आयुष्य पाण्याखाली पिल्लावस्थेत जातं. मग ते वर येतात, कात टाकून पंख उघडतात आणि उडतात. त्यानंतर पुन्हा एकदा कात टाकतात! पंख फुटल्यावर कात टाकणारे कीटक जगात हेच एवढे. प्रौढाचं तोंड निकामी असतं, त्याला खाता येत नाही. काही तास किंवा फार तर काही दिवस, मीलन, अंडी आणि मरण.

सप्टेंबरमध्ये या कुळातले ऑलिव्ह नावाने ओळखले जाणारे बारीक मेफ्लाय नदीवर दिसतात. भर उन्हाळ्यात मेळा जमायचा तो संध्याकाळी. आता सांजेचा गारवा वाढल्यावर त्यातला बराचसा दिवसाच्या उबदार प्रहराकडे सरकतो. यातल्या काही जातींच्या माद्या वनस्पतीच्या देठावरून किंवा दगडावरून चालत थेट पाण्याखाली उतरतात, अंगाभोवती हवेचा पातळ पडदा गुंडाळून, आणि तळाशी अंडी चिकटवतात. म्हणजे अन्न पृष्ठभागावरही असतं आणि पाण्याखालीही. व्हिक्टोरियन काळात फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी तरंगत्या फ्लायचं शास्त्र बांधलं. पुढे जी. ई. एम. स्क्यूज यांनी इचेनवर बारकाईने पाहिलं, की ट्राउट पुष्कळदा पृष्ठभागाच्या लगेच खालीच खात असतो. १९१० साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि वाद पेटला. निरीक्षण दोघांचंही खरं होतं. आज, या घटकेला मासा कुठल्या थरात खातो आहे, ते मात्र दर वेळी पाहूनच ठरवावं लागतं.

तलावांत शरद ऋतू आणखी नाट्यमय असतो. मध्य इंग्लंडमधलं रटलंड वॉटर हा १९७०च्या दशकात बांधलेला विस्तीर्ण जलाशय आणि ट्राउटचं नामांकित ठिकाण. खोल तलावात उन्हाळ्यात दोन थर पडू शकतात. वर कोमट, हलकं पाणी. खाली गार, जड पाणी, त्यातला प्राणवायू हळूहळू संपत जातो. वरचा थर शरदात थंड होऊन जड झाला की वाऱ्याच्या रेट्याने दोन्ही थर मिसळतात आणि सगळा तलाव पुन्हा माशांना मोकळा होतो.

त्याच सुमारास गवताळ रानातून लांब पायांच्या क्रेन फ्लाय ढिगांनी बाहेर पडतात. उड्डाण दुबळं, त्यामुळे वारा त्यांना पाण्यावर लोटतो. त्यांची नक्कल करताना गळकरी फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे तंतू घेतो आणि प्रत्येकाला एक गाठ मारतो. ती गाठ म्हणजे कीटकाचा गुडघा. काठाशी वेगळाच गोंधळ चाललेला असतो. पाणवनस्पती झडू लागतात, आणि वसंतात जन्मलेली रोच आणि पर्च माशांची पिल्लं आडोसा गमावून उघडी पडतात. ट्राउट त्यांच्या थव्यावर सुसाट घुसतो, धक्क्याने काही पिल्लं बधिर करतो आणि मग वळून तरंगणारी पिल्लं निवांत वेचतो. म्हणून इथे फ्लाय हरणाच्या केसांचा बांधतात. त्या केसांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यामुळे तो बधिर पिल्लासारखा पाण्यावर निपचित तरंगतो.

एवढी खादाडी कशासाठी? दिवस लहान होऊ लागल्याची खूण ट्राउटच्या शरीराला कळलेली असते. नदीतल्या मादीच्या पोटात अंडी पिकत असतात. एक किलोच्या मादीत ती दीड-दोन हजार भरतात. शरदाच्या अखेरीपासून मादी उथळ, वाहत्या पाण्यातल्या रेवाळ तळावर आडवी होऊन शेपटीने खळगा करते, अंडी सोडते आणि नराने ती फळवल्यावर वर रेव लोटते. अंडी फुटायला लागणारा काळ पाण्याच्या तापमानावर ठरतो. १० अंशांना साधारण ४० दिवस, ५ अंशांना त्याच्या दुप्पट.

या एका नियमाने जगाचा नकाशा बदलला. १८६४ साली ‘नॉरफोक’ जहाजातून ट्राउटची अंडी शेवाळात, बर्फाखाली ठेवून इंग्लंडहून निघाली. गारठ्यात त्यांची वाढ इतकी मंदावली की विषुववृत्त ओलांडून, तीन महिन्यांनी ती जिवंत पोहोचली आणि टास्मानियात फुटली. पुढे न्यूझीलंडच्या नद्यांत तपकिरी ट्राउट पहिल्यांदा गेला तो तिथूनच. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ब्रिटनमधूनच अंडी काश्मीरला आली. पहिली खेप वाटेत मेली, नंतरची जगली. पहलगामला लिडरच्या काठी उभं राहणाऱ्या मराठी पर्यटकासमोर जो तपकिरी ट्राउट पोहत असतो, तो त्या अंड्यांचा वंशज.

इंग्लंडच्या नद्यांत शरदात ट्राउटची वीण तोंडावर आलेली असते, म्हणूनच हंगाम सप्टेंबरअखेर संपवण्यात शहाणपण आहे. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या थांबतात, त्यामागेही समुद्राच्या खवळण्याइतकंच माशांच्या विणीचं कारण असतं. ट्राउटची भूक आणि ट्राउटची वीण एकाच ऋतूत जागी होते. त्यातला भुकेचा भाग गळकऱ्याचा, विणीचा नदीचा. सीमेवरच्या या आठवड्यांत नीट वागायचं तर थोड्याच गोष्टी पाळाव्या लागतात. बिनकाट्याचा गळ वापरावा, मासा धरण्याआधी हात ओले करावेत म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत रक्षक थर निघत नाही, आणि सोडायचा मासा पाण्याबाहेर फार वेळ ठेवू नये. पुढे थंडीत नदीत उतरायचंच झालं तर भोवतीच्या तळाहून उजळ, नुकतीच धुतल्यासारखी दिसणारी रेव टाळून पाऊल टाकावं, कारण पुढच्या काही वर्षांचे ट्राउट त्या रेवेखाली आहेत.