चेहरा धूसर केला, म्हणजे झालं?

रुग्णालयावरची माहितीपट मालिका आपण बघतो, कारण तिथले डॉक्टर खरे, पेशंटही खरे. पण त्या पेशंटला कोणी विचारलं होतं का?

न्यूयॉर्कमधल्या एका अपघातग्रस्ताचे शेवटचे क्षण 2011 मध्ये ‘एनवाय मेड’ या मालिकेसाठी टिपले गेले. परवानगी ना त्याची, ना घरच्यांची. 2012 मध्ये भाग लागला. चेहरा धूसर होता, पण घरी टीव्ही बघणाऱ्या पत्नीने आवाज ओळखला. 2016 मध्ये रुग्णालयाने अमेरिकेच्या आरोग्य खात्याला 22 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

आपल्याकडे? भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीनुसार, ओळख पटेल असा फोटो डॉक्टरने पेशंटच्या परवानगीशिवाय छापायचा नाही. ओळख उघड होणार नसेल, तर परवानगी लागत नाही. गोम इथेच आहे. ओळख कोणाला पटायची? घाटकोपरच्या राजावाडीत बाहेर बाकावर बसलेल्या बायकोला नवऱ्याचा नुसता खोकलाही कळतो.

आणि स्ट्रेचरवर दिलेला होकार? तो उपचार अडतील या भीतीपोटीही असू शकतो. म्हणून विचारायचं दोनदा: चित्रीकरणाआधी, आणि माणूस सावरल्यावर, प्रक्षेपणाआधी. तो गेला असेल, तर घरच्यांना.