जुन्या तांब्याने नव्या काचेला मागे टाकले

लेखमाला : पोलादी पडद्यामागच्या तारा – लेखांक ४

साम्यवादी राजवटी कोसळल्यानंतर पूर्व युरोपातल्या बहुतेक देशांना टेलिफोनचे जाळे उभारायला पैसा मिळत नव्हता. पूर्व जर्मनीचे तसे नव्हते. ३ ऑक्टोबर १९९० रोजी ती पश्चिम जर्मनीत विलीन झाली आणि श्रीमंत भावंडाची तिजोरी तिच्यासाठी उघडली. तरीही तिथे जे घडले, ते पायाभूत सुविधा उभारणाऱ्या प्रत्येक देशाने अभ्यासावे असे आहे.

आधी मूळची अवस्था पाहू. सुमारे १ कोटी ६० लाख लोकसंख्येला जेमतेम १८ लाख टेलिफोन जोडण्या होत्या. अर्ज केल्यावर दहा-दहा वर्षे वाट पाहावी लागे, आणि काही एक्स्चेंजमधली यंत्रे तर दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीची होती. ही नुसती गरिबी नव्हती. नागरिकांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलावे, यात सरकारला रसच नव्हता. १९५२ मध्ये बर्लिनच्या दोन भागांना जोडणाऱ्या टेलिफोन तारा तोडण्यात आल्या. त्या थेट १९७१ मध्ये पुन्हा जोडल्या गेल्या, त्याही सुरुवातीला फक्त दहा.

एकीकरणानंतर ‘टेलेकॉम २०००’ हा कार्यक्रम आखला गेला. १९९७ पर्यंत सुमारे ५० अब्ज मार्क खर्च करायचे ठरले. अभियंत्यांनी जुन्या जाळ्याला ठिगळे लावली नाहीत. त्यांनी शहराशहरांना जोडणारे स्वतंत्र डिजिटल जाळे आधी उभे केले आणि मग गावोगावची एक्स्चेंज बदलत नेली. काही वर्षांत घरोघरी फोन आला. प्रशासनाने इतक्या वेगाने काम केल्याची उदाहरणे थोडी आहेत, आणि त्याचे कौतुक व्हायलाच हवे.

याच उत्साहात ‘ओपाल’ प्रकल्प आला. नव्याने खोदायचेच आहे तर तांबे कशाला, थेट ऑप्टिकल फायबर टाकू, असा विचार झाला. रस्त्यावरच्या पेटीपर्यंत किंवा इमारतीच्या तळघरापर्यंत काचेचा तंतू न्यायचा आणि तिथून घरापर्यंत शेवटचा छोटा टप्पा तांब्याचा. दहा लाखांहून अधिक घरे या जाळ्याच्या कक्षेत आली. तेव्हा जगात इतके आधुनिक जाळे क्वचितच कुठे असेल.

पण हे जाळे फोन आणि केबल टीव्ही डोळ्यांसमोर ठेवून आखले होते. १९९९ मध्ये जर्मनीत डीएसएल इंटरनेट सुरू झाले. हे तंत्र तांब्याच्या तारेवरच चालते. आवाजासाठी लागणाऱ्या कंपनांच्या वरचा जो पट्टा त्या तारेत रिकामा असतो, त्यातून ते माहिती पाठवते. त्यासाठी एक्स्चेंजपासून घरापर्यंत तांबे अखंड हवे. ओपालमध्ये ते मधेच संपत होते, आणि पेटीतली उपकरणे फक्त फोन आणि केबल टीव्हीपुरतीच होती. त्यामुळे पश्चिमेतल्या जुन्या तांब्यावर वेगवान इंटरनेट धावू लागले आणि पूर्वेतली नवी कोरी काचेची वस्ती मात्र त्यापासून वंचित राहिली. पुढे काही ठिकाणी फायबरच्या शेजारी पुन्हा तांबे पुरावे लागले.

दोष फायबरचा नव्हता. आज जग त्याच्याकडेच वळले आहे. चूक झाली ती टोकाच्या उपकरणांत. जमिनीखालची तार पन्नास वर्षे टिकते, पण तिच्या टोकाची यंत्रे दहा वर्षांत जुनी होतात. म्हणून ती सहज आणि स्वस्तात बदलता येतील अशीच जाळ्याची रचना हवी. पैशाने मागासलेपण भरून काढता येते, उद्याची गरज मात्र विकत घेऊन ठेवता येत नाही. तिच्यासाठी जागा मोकळी ठेवावी लागते. ज्या देशांत आज गावोगावी केबल पुरली जात आहे, तिथल्या नियोजनकारांनी निविदा काढण्यापूर्वी ‘आपण ही जागा मोकळी ठेवली आहे का?’ हा एक प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे.

पुढील आठवड्यात : रुमानिया. तिथल्या तरुणांनी एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर केबल ओढून मोहल्ल्या-मोहल्ल्यांची इंटरनेट जाळी कशी विणली, त्याविषयी.