जुन्या मालट्रकला नवा क्लच बसविताना

शेतात पिकलेला माल वेळेवर बाजारात पोचला नाही, तर पिकविणाऱ्याचे निम्मे कष्ट वाया जातात. म्हणून नांगर व पंप यांच्याप्रमाणेच माल वाहणाऱ्या गाडीची निगा हाही शेतीच्या कामाचाच भाग समजावयास हवा.

नाशिककडून भाजीपाला घेऊन मुंबईस निघालेल्या गाड्या कसारा घाट उतरून, ठाणे-मुलुंडवरून पूर्व द्रुतगती महामार्गाने विक्रोळीस येतात. बाजारातील प्रतवारी पाहण्यासाठी मी एकदा अशाच एका गाडीतून निघालो होतो. गाडी जुनी, काही शेतकऱ्यांनी मिळून घेतलेली. मागे टोमॅटोचे क्रेट रचलेले. पहाटे विक्रोळीजवळ उड्डाणपुलाच्या चढावर एंजिनाचा आवाज वाढला, पण गाडीचा वेग वाढेना. जळका वास सुटला आणि गाडी थांबली. क्लच प्लेट बारा दिवसांपूर्वीच बदललेली होती! माल दुसऱ्या गाडीत भरून बाजारात नेईपर्यंत पहाटेचा भाव हातचा गेला.

गिअरबॉक्स उतरविल्यावर कारण दिसले. एंजिनाच्या मागील ऑइल सीलमधून तेल गळून नवी प्लेट माखली होती. जुनी प्लेटही याच तेलाने गेली होती. प्लेट बदलली गेली, गळती मात्र तशीच राहिली. तात्पर्य, जुनी प्लेट का गेली हे शोधल्याशिवाय नवी बसवू नये.

आधी तपासणी

फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट घट्ट दाबली जाते, तेव्हाच एंजिनाची शक्ती गिअरबॉक्सकडे जाते. ही पकड केवळ घर्षणावर अवलंबून असते. तेलाचा अंशही तिला मारक ठरतो.

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ठोकळे लावावेत व बॅटरीची तार सोडावी. गिअरबॉक्स जड असतो. तो जॅकच्या आधारानेच उतरवावा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करावेत. जुन्या प्लेटच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. ती हवेने न उडविता ओल्या फडक्याने पुसावी.

नंतर पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. एंजिनाचे मागील व गिअरबॉक्सचे पुढील ऑइल सील गळते काय?

२. फ्लायव्हीलवर निळे डाग, चरे वा तडे आहेत काय? डाग व चरे असल्यास लेथवर फेसिंग करून घ्यावे. खोल तडे असल्यास फ्लायव्हील बदलावे.

३. पायलट बेअरिंग व रिलीज बेअरिंग फिरविताना खरखरतात काय? गिअरबॉक्स उतरलेलाच असतो, तेव्हा ती बदलण्यात काटकसर करू नये.

४. प्रेशर प्लेटचे लिव्हर समान उंचीवर आहेत काय?

बसविण्याची रीत

नवी प्लेट प्रथम गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवून पाहावी. ती अडखळता कामा नये. शाफ्टच्या खाचांना ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. प्लेटची बाजू तिच्यावरील खुणेप्रमाणेच ठेवावी. उलटी बसल्यास तिचा मधला भाग फ्लायव्हीलला घासतो व क्लच सुटत नाही.

डमी शाफ्ट किंवा तशाच गाडीचा जुना शाफ्ट घालून प्लेट बरोबर मध्यावर आणावी. मगच प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, क्रमाक्रमाने आवळावेत. गिअरबॉक्स समपातळीत सरळ आत सरकवावा. तो आत जात नसेल, तर बोल्टांनी ओढू नये आणि त्याचा भार प्लेटवर लोंबकळत ठेवू नये. तेवढ्याने नवी प्लेट वाकते.

शेवटी पेडलची मोकळी चाल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाप्रमाणे ठेवावी. चाल मुळीच नसेल, तर क्लच सतत किंचित दाबलेला राहून घसरतो व जळतो. ती फार असेल, तर क्लच पुरता सुटत नाही व गिअर टाकताना कुरकुर होते.

चालकाचे पथ्य

नवा क्लच बसल्यावर सुरुवातीचे काहीशे किलोमीटर पुरा भार घालू नये. चालताना पाय पेडलवर विसावू नये. चढावर गाडी अर्धवट दाबलेल्या क्लचने न थोपविता ब्रेकने थोपवावी. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नये. क्लच घसरू लागला, तर एंजिनाचा रोध कमी पडून सारा भार ब्रेकवर येतो. आमची गाडी चढावर थांबली. केवळ भाव गेला. तोच क्लच कसारा घाटाच्या उतारावर घसरता, तर काय ओढवले असते हे सांगावयास नको.

ग्रामकार्यकर्त्यांनी ही माहिती गावातील गाडीमालकांस समजावून सांगावी. गाडी दुरुस्तीस दिल्यावर ‘प्लेट बदलली काय?’ एवढेच न विचारता ‘जुनी का गेली होती?’ असेही शेतकऱ्याने विचारावे. या एका प्रश्नाने एखादी खेप वाचेल, कदाचित एखादा जीवही.