संगणकयुगातील जागल

हरभरा घाट्यावर आला, ज्वारीच्या कणसांत दाणा भरू लागला, म्हणजे आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील शेतकऱ्यास रात्री घरी स्वस्थ निजता येत नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत वर्षभराचे कष्ट मातीस मिळवील, ह्या भीतीने तो शेतात जागल करतो. आमची मातृभाषा कोकणी. आमच्याकडे गावाच्या वेशीचे रक्षण करणाऱ्या देवास 'राखणदार' म्हणतात. शब्द निराळे असले तरी अर्थ एकच. ज्याच्याजवळ मोलाचे काही आहे, त्यास ते राखावे लागते.

पूर्वी धान्य कणगीत असे व पैसा पेटीत. आज बाजारसमितीत विकलेल्या कापसाचे पैसे बँकेच्या खात्यात जमा होतात आणि खाते म्हणजे कोठल्या तरी दूरच्या संगणकातील एक नोंद होय. त्या नोंदीची जागल कोण करतो? आणि ती करणारा क्षणभर झोपी गेला तर काय होते? विद्यार्थिमित्रहो, ह्याच प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची स्थापना १९०६ साली झाली. शतकाहून अधिक आयुष्य पाहिलेल्या ह्या बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी दुपारी, एक विलक्षण दरोडा पडला. दरोडेखोर बँकेत आले नाहीत. त्यांनी तिजोरी फोडली नाही. सुमारे २८ देशांतील एटीएम यंत्रांतून अवघ्या काही तासांत १२ हजारांहून अधिक वेळा पैसे काढण्यात आले व ७८ कोटी रुपये गेले. भारतातील यंत्रांतूनही सुमारे अडीच कोटी काढले गेले. पुढे १३ ऑगस्ट रोजी, बँका परस्परांस पैसे पाठविण्याचे आदेश ज्या 'स्विफ्ट' व्यवस्थेतून देतात तिच्यातून, १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. एकूण हानी ९४ कोटींच्या वर गेली.

हे घडले कसे? आपण यंत्रात कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र स्वतः काहीच ठरवीत नाही. 'ह्या खात्यात पैसे आहेत काय?' असा प्रश्न ते बँकेस पाठविते. हा प्रश्न मधल्या एका संगणकातून जातो; त्यास 'स्विच' म्हणतात. रेल्वेचा सांधेवाला जशी गाडी योग्य रुळावर घालतो, तसा स्विच प्रश्न बँकेच्या मुख्य संगणकाकडे नेतो व तेथून उत्तर आणतो. चोरांनी बँकेच्या व्यवस्थेत घातक आज्ञावली, म्हणजेच मालवेअर, शिरकवून एक खोटा स्विच उभा केला. नकली कार्डांवरून आलेला प्रश्न मुख्य संगणकापर्यंत पोहोचलाच नाही. खोटा सांधेवाला मधल्यामध्ये 'पैसे द्या' असे उत्तर देत राहिला. म्हणूनच खातेदारांच्या शिलकेतून काही वजा झाले नाही. सारी हानी बँकेस सोसावी लागली.

ह्या प्रकरणातील जो भाग आम्हांस सर्वांत अधिक विचार करावयास लावतो, तो निराळाच आहे. नकली कार्डे घेऊन यंत्रांपुढे उभी राहणारी माणसे संगणकतज्ज्ञ नव्हती. पैसे काढून आणण्याचे काम करणारी ती हमालांची फळी होती. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांस दोषी ठरवून कारावासाची शिक्षा दिली. कट रचणारे दूर राहतात आणि तुरुंगाचे दार हमालांसाठी उघडते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराचे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाच्या आज्ञावलीने जगभर थैमान घातले. तिचा उगम युक्रेनमध्ये हिशेब ठेवण्याच्या एका सॉफ्टवेअरमधून झाला. पण मर्स्क ह्या जहाज कंपनीचे संगणक तिच्या तावडीत सापडताच त्या समूहाकडे असलेल्या न्हावाशेव्याच्या धक्क्यावरील कामही खोळंबले. ज्या भगदाडांतून ही आज्ञावली पसरली, त्यांतील एक बुजविण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती लावण्यात हयगय केली, त्यांच्या संगणकांत तिला वाट सापडली. कुंपणाचे एक खिंडार बुजविण्याचा आळस केला तर डुकरे तेथूनच शिरणार!

आता आपल्या गावाकडे वळू. गेल्या हंगामात एका विद्यार्थ्याचे वडील मोबाईल घेऊन शाळेत आले. 'तुमचे खाते आज बंद होईल. आलेला आकडा सांगा,' असा फोन त्यांस आला होता. संदेश इंग्रजीत होता व तो वाचून घेण्यासाठीच ते आले, म्हणून कापसाचे पैसे वाचले. तो आकडा म्हणजे ओटीपी, खात्याची एकदाच चालणारी किल्ली. बँक ती कधीही फोनवर मागत नाही. 'आम्ही पोलीस आहोत, तुम्हांस डिजिटल अटक झाली आहे,' असे सांगून पैसे उकळणारेही आहेत; आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. चोराने पैसे पुढे हलविण्यापूर्वी ते रोखता येण्याचा संभव असतो.

अशा चोरांशी झुंजणे हाच ज्यांचा व्यवसाय, ते सायबर सुरक्षातज्ज्ञ होत. त्यांचे प्रकार अनेक. कोणी रात्रंदिवस पाळीने संगणकांच्या नोंदी न्याहाळतो. ही खरोखरीची जागलच! कोणी मालकाच्या लेखी परवानगीने कुंपण तपासून खिंडारे दाखवून देतो. कोणी गुन्ह्यानंतर संगणकातील पुरावा गोळा करतो. कोणी संस्थेचे नियम तपासतो, तर कोणी कर्मचाऱ्यांस सावधपणा शिकवितो. ह्या शेवटच्या कामास गणिताइतकीच भाषाही लागते. आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर आहोत, म्हणून हे आवर्जून सांगतो.

हे शिक्षण मिळते कोठे? पूर्वी आपल्याच जिल्ह्यात असलेल्या व २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात गेलेल्या बासर येथे २००८ साली राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. दहावीनंतर तेथे सहा वर्षांचा अभियांत्रिकी अभ्यासक्रम आहे व त्यात संगणकशास्त्रही आहे. पदविकेसाठी पॉलिटेक्निक आहेच. पदवीनंतर, १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या संस्थेत संगणकव्यवस्था व सुरक्षा ह्यांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो. देशपातळीवर २००४ पासून सर्ट-इन ही संस्था सायबर हल्ल्यांचे इशारे देते, आणि तेलंगणातही २०२३ पासून स्वतंत्र सायबर सुरक्षा विभाग आहे. अशा ठिकाणी जाणाऱ्याने नेटवर्क कसे चालते, लिनक्स कसे वापरावे व प्रोग्राम कसा लिहावा, ह्यांचा पाया आधी पक्का करावा. मराठी माध्यमामुळे ही वाट बंद होत नाही. इंग्रजी तांत्रिक मजकूर वाचण्याचा सराव मात्र आजपासूनच करावा.

एक धोक्याची सूचना दिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. गंमत म्हणून मित्राचे खाते त्याच्या परवानगीवाचून उघडणे हाही अपराध आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अन्वये, वाईट हेतूने केलेल्या अशा कृत्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. आणि 'तुझे बँकखाते थोडे दिवस वापरावयास दे, दोन-चार हजार देतो,' असे कोणी म्हटले, तर कॉसमॉस प्रकरणातील हमाल आठवावेत. गरजू घरातील मुलांनाच असे आमिष प्रथम दाखविले जाते; म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनीही हा परिच्छेद अवश्य वाचावा.

विद्या एकच असते. ती कुंपण तोडावयासही उपयोगी पडते व राखावयासही. आमच्या शाळेतून जाणारी मुले कोणत्या बाजूस उभी राहतील, हे कोणत्याही यंत्रास ठरविता येणार नाही. ज्या घरांत बापाने पिकासाठी रात्री जागून काढल्या, त्या घरांतील मुलामुलींस जागलीचे मोल वेगळे सांगावयास नको. त्यांनी नव्या शेताची राखण पत्करावी, एवढीच आमची इच्छा आहे.